पार्सलाने आलेला गुलाब

पोस्टाने आलेल्या वस्तूवर माझ्या बायकोच्या मामांचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावर असलेला माणूस मला उभ्या रत्नागिरीत भेटलेला नाही. जन्मभर पोस्टात लोकांच्या टपालावर शिक्के मारले आणि पेन्शनीत निघाल्यावर मामांनी स्वतःच्या नावाने पार्सलं मागवायला सुरुवात केली. समोरच्या दुकानात टांगलेली छत्री त्यांना कधी पसंत पडत नसे. तसलीच छत्री कलकत्त्याहून व्ही. पी.ने आली की तिची मूठ काय, कापड काय, कौतुक सरत नसे. केस वाढवायचं तेल मागवलं तेव्हा डोक्यावर वाढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "कंपनीने लिहिलंय ना, नियमित वापरावे? मग वापरायचं. केसांचं केस बघून घेतील," असं म्हणत त्यांनी दोन बाटल्या टकलावर चोळून संपवल्या. त्यांची खरी भक्ती पार्सलातल्या छापील कागदावर. पण कागद असायचा इंग्रजीत, आणि मामांचं इंग्रजी पाकिटावरच्या पत्त्यापुढे जात नसे. इथे माझा प्रवेश होतो. मी त्यांच्या शेजारी राहायचो, हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, आणि इंग्रजीत छापलेलं चूक असू शकतं हा विचार माझ्याही डोक्याला कधी शिवला नव्हता. तेव्हा या हकिकतीत हसायचंच असेल, तर एकट्या मामांना हसू नका.

एका दिवाळीनंतर लांबट खोका आला. आत ओल्या शेवाळात गुंडाळलेली गुलाबाची सहा रोपं. मामांची बदली पूर्वी बेळगावला झाली होती. तिथे कुणा साहेबाच्या कुंपणावर हाच फिकट पिवळा गुलाब फुलायचा. मामी रोज त्या वाटेने देवळात जायच्या, घटकाभर थांबायच्या, पण फुलाला हात लावायची छाती काही झाली नाही. "शिपाई बोंब मारायचा ना!" असं त्या हसत सांगत. आता संधिवाताने त्यांचं देऊळही सुटलं होतं. पडवी आणि अंगण एवढंच फिरणं. मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, ते फूल एकदा तिच्या केसांत माळायचंय मला. तेवढं जमवून द्या." पिकलेल्या मिशांचा तो गृहस्थ हे बोलताना असा काही लाजला, की मीच दुसरीकडे पाहिलं.

मी कागद वाचला. 'थंडीत ही नाजूक रोपं गवतात गुंडाळा, वरून गोणपाट बांधा, थंडी सरेपर्यंत उघडू नका.' आता हा कागद बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी लिहिलेला होता, हे माझ्या वर्गातल्या मठ्ठातल्या मठ्ठ पोराच्याही लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं. रत्नागिरीची थंडी ती केवढी! पहाटे खांद्यावर पंचा टाकला की ओशाळून निघून जाते. पण मी चष्मा सरसावून खणखणीत आवाजात अर्थ सांगितला आणि मामांनी तो वेदवाक्यासारखा ऐकला. पाच रोपं प्रवासाच्या शिणानेच गेली. सहावं कुंडीत तगलं. त्याला मामांनी भाताचा पेंढा गुंडाळला, वर गोणपाट बांधलं, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून स्वतःची कानटोपी चढवली. नवा पोस्टमन त्यालाच "आजोबा, मामा आहेत काय घरात?" असं विचारून गेला.

गावातले आंबेवाले त्या दिवसांत थंडीसाठी देव पाण्यात घालून बसलेले असायचे, कारण मोहोराचा सगळा भरवसा थंडीवर. आणि आमचे मामा हवा उबदार राहावी म्हणून गणपतीला नारळ बोलून आलेले! पलीकडचे बागायतदार हे ऐकून कुंपणावरूनच ओरडले, "पोस्टमास्तर, तुमच्या त्या काटकीपायी आमची कलमं वांझ ठेवता काय वो?" मामा शांतपणे म्हणाले, "तुमची कलमं दांडगी आहेत. हिला कोण आहे?" मिरकरवाड्याला रोज सकाळी ते मासळी आणायला जात, तिथेही कोळणी विचारत, "झाड कसं आहे? ताप उतरला?" आणि रोज संध्याकाळी मला प्रश्न, "सरली का थंडी?" मला श्रावणातही शिंका येतात. मी रोज नाक पुसत सांगायचो, "अजून नाही."

शेवटी माघात एकदाची मी थंडी संपल्याची परवानगी दिली. गोणपाट सोडलं, आणि काय सांगू! हिरवीगार पानं आणि टोकाला एक टपोरी कळी. तिसऱ्या दिवशी फूल उमललं. मामांनी ते मामींच्या अंबाड्यात खोवलं आणि जमलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, "हे सगळं जावईबापूंच्या इंग्रजीचं!" मीही निर्लज्जपणे मान डोलावली. पुढचा आठवडाभर शाळेत माझी चाल हेडमास्तरांसारखी होती.

मग एके दिवशी मामा बाहेर गेलेले असताना चहाचा पेला पुढे ठेवत मामी हळूच म्हणाल्या, "जावईबापू, झाड आहे ते. लोणच्याची बरणी आहे का, तोंडाला दादरा बांधून ठेवायला? हे मासळीला गेले, तुम्ही शाळेत गेलात, की मी सोडायची त्याला. ऊन दाखवायची, वारा द्यायची, आणि हे यायच्या आत परत बांधायची. रविवारी तुम्ही घरात, म्हणून सोमवारी जरा जास्त वेळ."

मी पेला खाली ठेवला. "मग मामांना सांगत का नाही?"

"कशाला? जन्मभर दुसऱ्यांची पार्सलं सांभाळली त्यांनी. हे एक माझ्यासाठी आलं."

त्यानंतर आणखी दोन हिवाळे ते झाड असंच बांधलं गेलं, सोडलं गेलं आणि फुललं. तिसऱ्या पावसाळ्यात मामी गेल्या. थंडी आली तशी मामांनी पुन्हा पेंढा आणला, गोणपाट आणलं, कागद माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. मी मुकाट्याने वाचला. पण मधल्या सुट्टीत मामा जेवून लवंडलेले असत, तेव्हा मी धावत घरी यायचो, झाड सोडायचो आणि घंटेच्या आधी बांधून परतायचो. फूल मामींचं होतं. ते माझ्या विद्वत्तेने मरू द्यायचं नव्हतं.

एकदा असंच झाड सोडताना वळून पाहिलं तर मामा दारात उभे. मी घाईघाईने गोणपाट उचललं. ते कुंडीजवळ आले, उघड्या पानांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तीही सोडायची. तिला वाटायचं, मला कळत नाही. मी मासळी घेऊन नाक्यावर थांबायचो, तिचं आटपेपर्यंत."

गोणपाट हातात तसंच धरून मी विचारलं, "मग हे आता टाकून देऊ?"

"नको," मामा म्हणाले. "बांधा परत. उद्या सोडायचंय ना?"