पांढऱ्या भुकटीवरचा संशय

आमच्या शेजारच्या सरांइतका संशयी माणूस अख्ख्या झाडीपट्टीत दुसरा नाही. हे वाक्य त्यांना वाचून दाखवलं, तर ते आधी विचारतील, "सारी झाडीपट्टी फिरून आला का तू?" ते गडचिरोलीकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि खिशात कायम चुंबक बाळगतात. सावली गावाहून आणलेल्या तांदळावरूनही ते फिरवून बघतात. बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, नव्या जोडव्यांना लावलं, ते चिकटलं नाही, तेव्हा त्यांनी चुंबकावरच शंका घेऊन दुसरं आणलं. त्यांच्या प्रयोगशाळेत शिरायचं तर किल्ल्या, पट्टा, घड्याळ बाहेर ठेवावं लागतं. माझ्या चपलेचे खिळेसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटले नाहीत.

पीएचडीसाठी ते जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी बनवत होते, कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नयेत. ही भुकटी शुद्ध असली तर चुंबकाला भीक घालत नाही. पण नागपूरच्या यंत्रावर तिच्यात चक्क चुंबकत्व दिसलं. मार्गदर्शकांनी पेढे वाटले आणि पेपर लिहायला घेतला. सर मात्र पेढा हातात धरून खिडकीकडे बघत राहिले. समोरच्या रस्त्यावरून लोहखनिजाचे ट्रक जात होते आणि खिडकीच्या गजांवर लाल धूळ बसली होती.

त्यांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या, स्टीलचा चमचा टाकून बांबूचा घेतला आणि सगळं पहिल्यापासून केलं. चुंबकत्व गेलं. पदवीची मुदत तर संपत आलेली. मार्गदर्शक म्हणाले, पहिलाच निकाल छापून टाका, कोण बघायला येतंय. सर त्यांच्यासमोरही आपली बोली सोडत नाहीत. म्हणाले, "मी पायलो ना. ट्रकच्या धुळीले आपला शोध काऊन म्हणू?" पेपर गेला नाही आणि पदवी हातची गेली.

हे घरी सांगायला त्यांनी मला सोबत नेलं. या पदवीपायी वहिनी कित्येक सुट्ट्या एकट्याच माहेरी गेल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं झालं, लवकर समजलं. बसा, जेवून घ्या," म्हणाल्या आणि पानं वाढली. जेवताना सरांची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हटेना.

मी निघालो तसे ते फाटकापर्यंत आले. "तुही वहिनी नाराज नाई ना? मले वाटून राह्यलं, लपवून राह्यली."

ताटं उचलताना वहिनींनी पदराने डोळे पुसलेले मी पाहिले होते. तरी म्हणालो, छे, तुम्हाला जळीस्थळी संशयच दिसतो.

सरांनी एकही उलटा प्रश्न विचारला नाही. त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला, आणि घरी जाईपर्यंत मला फार वाईट वाटत राहिलं.