शटरवरची वामकुक्षी

उत्कर्षा भिंतींवर फक्त झोपलेली माणसं काढते. याला कारण तिचे वडील.

वैजनाथ वाशिमकडून हडपसरला आले आणि टेम्पो रंगवायच्या गॅरेजात लागले. शाळा सुटली की पोरगी तिथंच. डब्यात उरलेला रंग ती भंगार पत्र्यावर फवारायची. काढायचं काय, हा प्रश्न होता. जागी माणसं हलत. जेवणानंतर टेम्पोखाली आडवे झालेले कामगार तेवढे हलत नसत. त्यामुळे तिचा हात घोरणाऱ्यांवरच बसला.

"आधी घासायचं," वैजनाथ सांगत. "गंजावर मारलेला रंग म्हणजे पावडर. घाम आला की उतरली."

पुढं कॉलेज आलं, स्प्रेचे डबे आले, भिंती आल्या. एका सोसायटीच्या भिंतीवर तिनं पेंगणारा वॉचमन काढला. खरा वॉचमन खूश झाला, चेअरमन झाले नाहीत. लगेच चुना फिरला. पुलाखाली झोपलेला रिक्षावाला काढला, तर त्याच्या तोंडावर क्लासची जाहिरात बसली. एकही चित्र महिनाभर जगलं नाही. एक तरी टिकावं, एवढंच तिचं मागणं होतं.

शनिवार पेठेत श्रीनिवासरावांचं दोरखंडाचं दुकान आहे. दुपारी ते शटर ओढून आत झोपत आणि गिऱ्हाइकं शटर बडवत. त्यांनी पाटी लावली. लोक पाटी वाचून बडवू लागले.

"काका, चित्र काढू? बघून कळेल त्यांना," उत्कर्षा म्हणाली.

"फुकट?"

"फुकट. पण पुसायचं नाही."

"पुसायला कष्ट पडतात. मी कशाला पुसू?"

तिनं आधी नुसतं शटर घासलं, पट्ट्यांच्या खाचाखाचांतून, बोटं सोलवटेपर्यंत. मग प्रायमर. मग चित्र: वर छताचा पंखा, खाली दोराच्या वेटोळ्यांवर पसरलेले श्रीनिवासराव, तोंड उघडं, बनियन पोटावर गोळा झालेलं.

बडवणं थांबलं. लोक येत, बघत, कुजबुजत आणि चपला न वाजवता परत जात. मग श्रीनिवासरावांच्या पत्नी पद्मजाबाई बघायला आल्या.

"अहो, हे पोट कुणाचं?"

"कलाकाराची कल्पना आहे."

"कल्पना कसली. कमीच काढलंय."

आठवड्यानं उत्कर्षा आली, तर पंख्याचं एक पातं गायब. शटर गुंडाळताना पत्रा पत्र्यावर घासत होता. आज पंखा, उद्या नाक.

"काका, शटर उघडू नका."

"बाई, दुकान आहे हे."

"मग पूर्ण उघडू नका. नुसता पंखा गुंडाळला जाईल, तेवढंच. तुम्ही खाली आहात, तुम्हाला धक्का लागणार नाही."

श्रीनिवासरावांनी शटर कमरेइतकं वर करून पाहिलं आणि नाक मुरडलं. ते नाही म्हणणार, एवढ्यात बापूराव हे जुनं गिऱ्हाईक दारात आलं.

"आत कसं यायचं?"

"वाकून."

बापूराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले, तसेच आत आले आणि खालमानेनं म्हणाले, "जरा सुतळी मिळेल का?"

इतक्या नम्रपणे त्या दुकानात आजवर कुणी सुतळी मागितली नव्हती. श्रीनिवासरावांनी सुतळी दिली आणि उत्कर्षाला सांगितलं, "राहू दे चित्र. शटर एवढंच उघडेल."

महिना कधीच उलटून गेला. पंखा पुरता गेला, नाकावर मात्र ओरखडा नाही. हल्ली श्रीनिवासराव पंखा परत काढ म्हणून तिच्या मागे लागलेत. खाली झोपलेल्याला उकडत असेल, म्हणतात.