शिट्टीच्या आधी

खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहायला आले आहेत. रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज येतो, "अहो, शिट्टी होईल हं आता." मग कुकरची शिट्टी होते. आज ती जिन्यात भेटली तेव्हा मी विचारलं, तर सहज म्हणाली, "आधी सांगितलं की दचकत नाहीत. दचकले की पाठीतला जुना मार दिवसभर ठणकतो."

इतकं सोपं होतं ते.

तुमचे आजोबाही सीमेवरून पाठीचं दुखणं घेऊन आले होते. शिट्टी झाली की त्यांच्या हातातला कप हिंदकळायचा आणि मला फक्त धुतलेल्या टेबलक्लॉथवर सांडलेला चहा दिसायचा. "काय हो, तोफांना नाही भ्यालात आणि कुकरला भिता?" मी पाहुण्यांसमोर म्हणायचे. सगळे हसायचे. तेही हसायचे आणि थोड्या वेळाने आतल्या खोलीत जाऊन जमिनीवर उताणे पडून राहायचे. मला वाटायचं, माणसांचा कंटाळा आला असेल. दुखणं दिसत नसलं की घरचीच माणसं त्याची थट्टा करतात. मी एवढी शिकलेली, पण एकदाही विचारलं नाही.

बाळांनो, आजोबांची ही कुकरची गोष्ट तुम्हाला मीच रंगवून सांगितली. परवा फोनवर कळलं की तुम्ही ती मित्रांना सांगून खूप हसवलंत. चूक तुमची नाही. पण पुन्हा सांगाल तेव्हा, सगळ्यांचं हसून झाल्यावर, आजोबा कुठे जाऊन पडायचे तेही सांगा.