मी काढून टाकलेलं बोट

माझ्या आजोबांचं एक बोट मी नऊ दिवस खपून काढून टाकलं. आजोबांना जाऊन साठ वर्षं होऊन गेली, त्यामुळे त्यांची काही तक्रार आली नाही. तक्रार आत्याची आली.

आधी आत्याबद्दल सांगतो. शेवंताआत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. नगरला राहते. आमच्या कर्जत तालुक्यातल्या गावात बारावीच्या पुढे शिकायची सोय नव्हती आणि आमच्या घरात बारावीपर्यंत गेलेलं माणूसही नव्हतं. आत्याने मला तीन वर्षं आपल्या दोन खोल्यांच्या घरात ठेवून घेतलं. मी बी.एस्सी. झालो तो तिच्या भाकरीवर. (रसायनशास्त्रात मिळालेल्या मार्कांचा दोष भाकरीचा नाही.) आज मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तयार माल समोरून जातो. त्यातला खोट असलेला ओळखायचा आणि लाल खोक्यात टाकायचा. नऊ वर्षं हेच करतोय. खोट दिसली की माझा हात आपोआप पुढे जातो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तर, गावात आम्ही नवीन घर बांधलं. आत्याच्या हातून फीत कापायची हे ठरलेलंच होतं. मी तिला फोन करून विचारलं, "आत्या, तुला काय आणू? साडी? घड्याळ?"

"मला काय नगं," ती म्हणाली. मग म्हणाली, "संदीप, त्या मोबाईलवर मेलेली मानसं हालत्यात म्हनं. फोटोतली. शेजारच्या बाईनं तिचा नवरा हलवून आनला. तसा माज्या दादाला हलवून दावशील का? निस्ता एकदा हात वर करून जयभीम केला तरी बास."

दादा म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा. तीन वर्षं भाकरी खाल्ल्यानंतर या बाईने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी म्हणालो, "एवढंच?"

हा शब्द मला पुढे फार महागात पडला.

आजोबांचा जगात एकच फोटो आहे. स्टुडिओत खुर्चीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काढलेला. तो आमच्या भिंतीवर माझ्या जन्माच्या आधीपासून आहे आणि त्याला तेव्हापासून हार आहे. आमच्याकडे जुना हार काढत नाहीत, त्यावर नवा चढवतात. त्यामुळे आजोबा मला फक्त गळ्यापर्यंतच ठाऊक होते. फ्रेममधून काढल्यावर ते पहिल्यांदा पूर्ण दिसले. उजव्या हाताच्या करंगळीशेजारी एक बारीक पांढरट डाग होता. बुरशी समजून मी तो रुमालाने पुसला. गेला नाही.

फोटो मोबाईलवर घेतला, एआयच्या त्या ॲपमध्ये टाकला आणि लिहिलं, की हे गृहस्थ शेतात बैलांसोबत उभे आहेत, हसतात, हात वर करून जयभीम करतात. दोन मिनिटांत व्हिडिओ तयार! आठ सेकंदांचा. मला रडूच आलं. मग डोळे पुसून नीट पाहिलं, आणि रडू थांबलं.

बैलाला तीन शिंगं होती. आजोबांची टोपी हॉटेलातल्या आचाऱ्यासारखी वर फुगली होती. शेतात कमरेएवढं हिरवंगार गवत होतं. आणि वर केलेल्या उजव्या हाताला बोटं सहा!

आता एआयला बोटं मोजता येत नाहीत, हे मी कुठे कुठे वाचलं होतं. तरी घरच्यांचं मत घ्यावं म्हणून तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पाठवला आणि रविवारी गावी गेलो.

आई म्हणाली, "ह्ये रान कुनाचं? एवढं गवत आपल्याकडं असतं तर मी म्हशी नसत्या का ठेवल्या?"

बबनमामा, म्हणजे आईचा भाऊ, बैलावरून पेटला. "तीन शिंगाचा बैल? आरं, ह्याला जुवाला जुपायचा कसा? पावनं हसतील!"

वडिलांनी मोबाईल हातभर लांब धरला, व्हिडिओ उलटा असतानाच पाहिला आणि म्हणाले, "लई भारी." (वडील गेली तीस वर्षं माझ्या प्रत्येक गोष्टीला लई भारी म्हणतात. दहावीच्या गणिताच्या मार्कांनाही म्हणाले होते.)

बोटाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही! मला वाईट वाटलं. म्हटलं, यांच्या नजरेला ते दिसलंच नाही. बैलाची शिंगं मोजली, माणसाची बोटं नाही मोजली. शेवटी शिकलेल्या डोळ्याचं काम शिकलेल्या डोळ्यानेच करावं लागतं.

ॲपला पुन्हा सांगून पाहिलं, की बोटं पाच कर. त्याने पाच केली, पण आजोबांऐवजी कोणी दुसरेच गृहस्थ आणले. पुन्हा सांगितलं. आजोबा परत आले, बोटं पुन्हा सहा, आणि मागे एक उंट. मग मी ठरवलं, आपल्या हाताने करायचं.

व्हिडिओ एका सेकंदात चोवीस चित्रांचा असतो. आठ सेकंदांची चित्रं एकशे ब्याण्णव. प्रत्येक चित्रातलं सहावं बोट पुसायचं आणि त्या जागी मागचं गवत भरायचं. पण आईच्या हुकमावरून गवताचं आपल्यासारखं कोरडं रान करायचं होतं, म्हणजे आधी गवत पिवळं करा, मग कमी करा. गवत पिवळं केलं तर आजोबाही पिवळे झाले! त्यांना वेगळं काढून पुन्हा सावळं केलं. तिसरं शिंग काढलं तर त्यामागचा बैलाचा कानही गेला. पहिल्या पाळीवरून तीन वाजता सुप्यातल्या खोलीवर यायचो आणि संध्याकाळपर्यंत बोटं पुसायचो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की सत्तरपासून नव्वदपर्यंतच्या चित्रांत मी सहाव्याबरोबर करंगळीही पुसली आहे. म्हणजे आजोबा हात वर करायचे तेव्हा बोटं पाच, पण मध्येच चार, आणि खाली घेताना पुन्हा पाच. मला स्वतःच्या हाताची बोटं मोजून पुन्हा सुरुवात करावी लागली.

नवव्या दिवशी काम झालं. फाईलींची नावं होती: 'फायनल', 'खरं फायनल', 'हेच फायनल' आणि 'आता बास'. जागा कमी पडली म्हणून 'आता बास' ठेवून बाकी सगळं, अगदी मूळ व्हिडिओ आणि माझ्या मोबाईलमधलं ग्रुपचं चॅटसुद्धा, मी उडवून टाकलं.

घरभरणीला सगळी भावकी आली. वंदना झाली, फीत कापून झाली, खीर वाढायच्या आधी मी नव्या टीव्हीला मोबाईल जोडला. आत्या पुढच्या खुर्चीवर होती. महिन्यापूर्वीच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. तिने काळा चष्मा काढून पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "लाव."

टीव्हीवर आजोबा हसले. दोन शिंगांचा बैल मागे उभा राहिला. आजोबांनी पाच बोटांचा स्वच्छ हात वर केला. टाळ्याच टाळ्या! वडील म्हणाले, "लई भारी!"

आत्या वाकून बघत होती. टाळ्या थांबल्या.

"ह्यो कोन हाय?" ती म्हणाली.

"आत्या, तुझे दादा!"

"तोंड दादाचं हाय. हात दुसऱ्याचा हाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "माजं बोट कुटं गेलं?"

मला काहीच कळेना. "तुझं कोणतं बोट?"

"आरं, दादाला सा बोटं हुती! करंगळीच्या शेजारी एक बारकं. बाजारला जाताना मी त्येच धरायची. त्याचा हात मोठा, माज्या मुठीत तेवढंच मावायचं. पाच त्याची, सावं माजं, असं त्योच म्हनायचा."

माझ्या डोळ्यांसमोर एकशे ब्याण्णव चित्रं एकामागून एक गेली. नऊ वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच चांगला माल लाल खोक्यात टाकला होता.

"बाबा, तुम्ही तरी सांगायचं!" मी वडिलांना म्हणालो.

"त्यो गेला तवा मी आठ म्हयन्याचा हुतो! मला काय ठावं?"

आई मागून म्हणाली, "व्हय की. मामंजींना सा बोटं हुती, सासूबाई सांगायच्या."

"आई! मग तो पहिला व्हिडिओ पाहिला तेव्हा का नाही बोललीस?"

"त्यात बोट बरूबर हुतं. बरूबर असंल तर काय बोलायचं?"

मूळ व्हिडिओ दाखवावा, तर तो मीच उडवला होता. आत्या काळा चष्मा पुन्हा घालायला लागली, आणि तिच्या त्या हळूहळू चष्मा घालण्याने मला जमिनीत जावंसं वाटलं.

तेवढ्यात वडिलांनी खिशातून मोबाईल काढला. "ह्यात हाय का बघ. मला पुसाया येत न्हाई, त्यामुळं सगळंच असतंय."

होता! सहाशे सुप्रभातांच्या आणि लग्नपत्रिकांच्या खाली, मी ग्रुपवर पाठवलेला, जसाच्या तसा. टीव्हीवर लावला. कमरेएवढं हिरवं गवत, आचाऱ्याची टोपी, तीन शिंगांचा बैल. बबनमामाने कपाळाला हात लावला. आजोबांनी हात वर केला.

आत्या उठली. टीव्हीजवळ गेली आणि काचेवर, करंगळीच्या शेजारी, हाताची मूठ मिटून उभी राहिली. व्हिडिओ संपला की मी पुन्हा लावायचो. असं किती वेळा झालं ते मोजलं नाही. मोजण्यावरून माझा विश्वास उडाला होता. खीर थंड झाली.

शेवटी ती वळली. "कुनी केलं रं ह्ये?"

"मशीननं केलं, आत्या."

"लई गुनाचं मशीन हाय. फोटोत बघून बरूबर वळकलं त्यानं." मग माझ्या गालावरून हात फिरवून मायेने विचारलं, "आन् तू काय केलंस, बाळा?"

"मी नऊ दिवस एडिटिंग केलं."

"आसू दे," आत्या म्हणाली. "तेवढं काडून टाक."