दत्तारामकाकांची वीस मिनिटं

दत्तारामकाकांच्या वाढदिवसाचा पॉपर मीच फोडला. तोही स्टोअररूममध्ये, त्यांच्या कानापाशी, ते खोक्यांच्या आडोशाला डोळे मिटून बसलेले असताना. आमच्या करमाळ्यात वाढदिवसाला एवढा आवाज झाला नाही तर माणूस रुसतो. काका रुसले नाहीत. चमकीसकट उठले, दोन्ही कान दाबले आणि केक न कापता निघून गेले.

चारकोपला आमच्या कारखान्यात मिक्सर बनतात. प्रत्येक मिक्सर चालवून, कान देऊन काका पास करतात. बेअरिंगची बारीक कुरकुर त्यांना ऐकू येते, तसं कारखाना सांभाळणाऱ्या शर्मिष्ठा मॅडमचं घरी वाजलंय हेही नुसत्या चपलांच्या आवाजावरून कळतं. अशा माणसाला सगळंच जरा जास्त बोचतं. म्हणून त्यांनी आपली सोय करून ठेवलीय. ट्यूबलाइटकडे पाठ, बाजार टाळून मागच्या गल्लीनं येणं, रविवारी आरेच्या जंगलात एकट्यानं फिरणं आणि जेवणानंतर वीस मिनिटं शांतता. मी तिला आळस समजत होतो.

पॉपर फोडला त्याच दुपारी ऐंशी मिक्सर जायचे होते. काका एक उचलायचे, चालवायचे, ठेवायचे. पुन्हा तोच उचलायचे.

"काय झालं काका?" मॅडमनी विचारलं.

"कानात शिट्टी वाजता. ऐकाक येणा नाय."

"कालच्यासारखाच माल आहे. मारा शिक्के. टेम्पो उभा आहे."

"कोणाच्या घरात मिक्सर जळलो तर शिक्को माझो आसा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे.

"माका माझी वीस मिनिटां देवा," काका म्हणाले. "आणि ह्या झिलाक दारात उभो करा. राखण करूंदे."

पॅकिंगचं मशीन बंद झालं. काका स्टोअररूममध्ये, मी दारात. गप्प उभं राहणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पाय खाजतो, खिशातला फोन थरथरतो, चहावाल्याला हातवारे करून परत पाठवावं लागतं. बारा मिनिटं निभावली. मग पुठ्ठ्याची धूळ नाकात गेली, आणि आमच्या घराण्यात शिंक एकीवर थांबत नाही.

काका बाहेर आले. मिक्सर लावला, मान कलती केली. सहा बाजूला काढले, बाकीच्यांवर शिक्के. टेम्पो दोन तास उशिरा सुटला.

"झालं ना काका काम?"

"काम झाला. आठ मिनिटां तुझ्याकडे रवली."

उद्या देतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी वरच्या गाळ्यात ड्रिलिंग सुरू झालं. पंधरवडा झाला, थांबलेलं नाही. काका रोज जेवण झालं की माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघतो.