लक्झेंबर्गवाली मावशी

सुखाची बातमी ऐकून संतापणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. पुष्पामावशी. आमच्या राइस मिलमध्ये धान वाळवणाऱ्या बायांची ती म्होरकी. तिची मुलगी अर्चना नवऱ्यासोबत लक्झेंबर्गला नोकरी करते. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि सोमवारी मावशी मिलच्या फाटकातून अशी तणतणत शिरायची, की वाटावं, तिच्या घरी चोरीच झाली. "काय झालं व मावशी?" असं विचारलं की म्हणायची, "जावयाले सुट्टी भेटली! पगारी! लेकराले ताप आला त सरकार बापाले म्हणते, जा बाप्पा घरी, बस त्याच्यापाशी!" यात रागावण्यासारखं काय आहे, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

मिल लाखनीच्या पुढे, हायवेला लागून. मी धर्मकाट्यावर बसायची. ट्रक आला की वजन करायचं, पावती फाडायची. बी.कॉम. झाल्यामुळे माझ्या डोक्यावर पंखा होता. बाया बाहेर, उन्हात. आमच्याकडे उष्णा तांदूळ निघतो. उकडलेलं धान वाफाळत सिमेंटच्या फरशीवर पसरायचं आणि बायांनी अनवाणी, पाय ओढत त्यातून चालत राहायचं, म्हणजे ते खालीवर होऊन सारखं वाळतं. उशीर झाला की धान आंबूस वास धरतं आणि मग शेठजींचा चेहराही आंबतो. सगळ्यांच्या पुढे मावशी असायची. पाय धानात आणि तोंडात लक्झेंबर्ग.

"भाव वाढले की तिथं पगार आपोआप वाढते," ती चालता चालता सांगायची. "मांगा लागत नाही. वरून कंपनी जेवणाचे कुपन देते." मागच्या बाया हसायच्या. आमच्याकडे शेठजींचा चहा मिळायचा सकाळी एकदा, आणि त्यात दूध शोधावं लागायचं. एकीने विचारलं, "एवढं देते, म्हणजे मोठा देश असन?" मावशी थांबली, कमरेवर हात ठेवले. "मोठा? आपल्या भंडारा जिल्ह्याहून लहान हाय तो! एवढासा देश देऊ शकते, त एवढा मोठा देश काहून नाही देत? सांग!" विचारणारीने पुन्हा पाय ओढायला सुरुवात केली.

शेठजींनी तिचं नाव ठेवलं लक्झेंबर्गवाली. चिडवायला ठेवलं, पण मावशीने ते असं मिरवलं की शेठजीच पस्तावले. ते फरशीवर आले की ही म्हणायची, "शेठ, लक्झेंबर्गवाली इचारते, आठ दिवसांतून एक पगारी सुट्टी कधी देता?" शेठजी हसून मोबाइल कानाला लावायचे. समोरून कुणी बोलत नसायचं, हे सगळ्या मिलला माहीत होतं.

मग मला दिवस गेले. माझा नवरा विनाअनुदानित शाळेत शिकवतो. म्हणजे शिकवतो, पगार मात्र अनुदान येईल तेव्हा. घर माझ्या नोकरीवर चालायचं. शेठजींना सांगितलं तर ते केवढे खूश! "वा वा! लक्ष्मी येईल घरात. सातव्या महिन्यापर्यंत कर काम, मग आराम कर. पुढे आलीस आणि जागा असली तर पाहू." माणूस इतक्या गोड आवाजात नोकरीवरून काढतो, हे मला तेव्हा समजलं. काट्याच्या खोलीत जाऊन मी ढसाढसा रडले. मावशी पाणी प्यायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. माझ्या पोटाला हात लावला आणि निघून गेली.

सोमवारी ती आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा लालबुंद. "पोरी, मी मूर्ख हाय."

"काय झालं, मावशी?"

"मी अर्चनाले म्हटलं, तुया देशात जन्मली असती त या पोरीले बाळंतपणाची रजा भेटली असती. तिनं मलेच झापलं. म्हणे, आई, मले वीस आठवडे भेटले. आपल्या इथं कायद्यात सव्वीस हायेत! पगारी! अन पोटुशी बाईले काढताच येत नाही. सव्वीस, पोरी! इतके दिवस मी लोकाच्या देशाचे गुण गाऊन राहिली, अन आपलं आपल्या घरातच पडून होतं!"

असा संताप मी तिचा कधी पाहिला नव्हता. बाकी सगळे राग या एका रागापुढे फिके होते.

त्याच दिवशी वाफाळतं धान फरशीवर पडलं आणि मावशी काठावर जाऊन बसली. एकेक करत सगळ्या बाया तिच्या बाजूला बसल्या. शेठजी धावत आले. "अहो पुष्पाबाई, धान सडेल! काय पाहिजे तुम्हाला?"

"मले काही नाही पाहिजे. काट्यावरच्या पोरीची रजा पाहिजे. सव्वीस आठवडे, पगारी. अन तिची खुर्ची तिलेच."

"हे लक्झेंबर्ग नाही, पुष्पाबाई!"

"नाही न! लक्झेंबर्ग असतं त वीसच मांगतली असती!"

बाया खो खो हसल्या. मी खिडकीत उभी होते. वाटलं, आत्ताच माझा हिशेब होणार. शेठजींनी धानाकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, नाकाला रुमाल लावला. "उठा," म्हणाले, "देतो." मावशी उठली नाही. मला बोलावून घेतलं आणि शेठजींना तेच शब्द माझ्या तोंडावर म्हणायला लावले. मगच पदर खोचला.

रजा मिळाली. पगारही आला, कधी उशिरा, पण आला. मला मुलगी झाली. मावशी दोनदा माझ्या माहेरी, दिघोरीला येऊन गेली. जवसाचे लाडू आणले, पोरीला मांडीवर घेऊन मिलच्या गमती सांगितल्या, कोण कशी घसरली, शेठजी कसे ओरडले. हसून हसून माझे टाके दुखले.

रजा संपवून मी कामावर गेले. खुर्ची होती, पंखा होता. फरशीवर मावशी नव्हती. मी रजेवर गेले त्याच आठवड्यात शेठजींनी तिला काढलं होतं. बाया पुन्हा बसायला निघाल्या होत्या, तर तिनेच हात जोडून अडवलं. "आता बसाल त हा माणूस त्या पोरीची रजा मोडन. अन बाळंतिणीले काही सांगाचं नाही." दिघोरीला सांगितलेल्या त्या सगळ्या गमती तिने मनानेच रचल्या होत्या.

संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन मी तिच्या घरी गेले. दारातूनच ओरडले, "मावशी, मले काहून नाही सांगितलं?"

"तुले रजा कायची देल्ली होती?" तीही तेवढ्याच जोरात ओरडली. "लेकराले पाजाची, का माह्यासाठी रडाची?"

मी रडलेच. तिने पोरीला ओढून घेतलं, चहा ठेवला. अर्चना तिकडे बोलावत होती, पण मावशी जायची नव्हती. दुसऱ्या मिलमध्ये काम मिळालं होतं आणि तिथले शेठ आतापासूनच तिला पाहून मोबाइल कानाला लावत होते.

"आपल्या मिलमध्ये आता कोण पोटुशी हाय?" तिने विचारलं.

"शेवंता. फरशीवरची."

"शेठले सांगितलं?"

"भेते बिचारी. म्हणते, मले काढन."

"मंग तू सांग. मी नाही न आता तिथं." पोरीला माझ्याकडे देत ती म्हणाली, "अन उभी राहून नको सांगजो. बसून सांग."

शेठजींच्या खोलीत आजवर आमच्यापैकी कुणीही बसलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवंताला घेऊन आत गेले, दोन खुर्च्या ओढल्या, आणि आम्ही दोघी बसलो.