अस्वलासाठी थंडी

कतारात अल रुवैसच्या रस्त्याला एक मजरा आहे. मजरा म्हणजे इथल्या माणसाची शेतवाडी: खजुराची झाडं, शेळ्या, बसाउठायला मोठी खोली. तिथल्या एसीचं काम आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे आहे. पहिल्यांदा निघालो तेव्हा ऑफिसातून सांगितलं, जनावराच्या खोलीचा एसी बघायचाय. मला वाटलं ससाणे असतील. ससाण्यांना इथे आमच्यापेक्षा चांगला एसी मिळतो. दार उघडलं तर गजांच्या मागे काळं अस्वल.

छातीवर पांढरी चंद्रकोर, गोल मोठे कान. हिमालयाकडचं. मालकाच्या मुलाला लहानपणी कुणीतरी पिल्लू भेट दिलं होतं. मुलगा मोठा होऊन शिकायला परदेशी गेला आणि अस्वल मोठं होऊन तिथेच राहिलं. मालक वाईट माणूस नाही. त्याने चार ठिकाणी विचारून पाहिलं होतं, पण माणसाच्या हातचं खाऊन वाढलेलं अस्वल जंगलात सोडता येत नाही आणि ठेवून घ्यायलाही कुणी तयार होत नाही.

मी बुलढाण्याकडचा. आमच्याकडचं अस्वल वेगळं, लांब केसांचं, वारुळं उकरणारं. मोहाची फुलं वेचायला जाताना आमची माणसं मुद्दाम खाकरतात, मोठ्याने बोलतात, म्हणजे त्याला बाजूला व्हायला वेळ मिळतो. अचानक समोर आलात तर ते तोंड फोडतं. तशी तोंडं गावात पाहतच मी वाढलो. तरी आमचं त्याच्याशी जमून होतं, कारण दोघंही एकमेकांना टाळत होतो. त्या दिवशी मजऱ्यावरही मी सवयीने खाकरलो, तर हे धावत गजांपाशी आलं. माणसाचा आवाज म्हणजे खाणं, एवढंच ते शिकलं होतं. मला फार वाईट वाटलं.

त्याला सांभाळणारा गडी बांगलादेशी. त्याने हिंदीत सांगितलं की दर वर्षी उकाडा ओसरला की हे हावऱ्यासारखं खातं, फुगतं आणि मग कोपऱ्यातली फरशी उकरत बसतं. नख्या तुटून रक्त येतं तरी थांबत नाही. "पागल हो जाता है, भाई."

घरी येऊन मी वाचत बसलो. ही अस्वलं थंडीआधी खाऊन चरबी साठवतात आणि झाडाच्या ढोलीत नाहीतर कपारीत शिरून महिनोन् महिने झोपतात. मादी तर त्या गुंगीतच पिल्लांना जन्म देते. म्हणजे वेड कसलं! बिचारं झोपायला जागा करत होतं. त्याला निदान एकदा तरी झोपू द्यावं, असं माझ्या मनाने घेतलं. जंगल देणं माझ्या हातात नव्हतं, पण थंडी हा तर आमचा धंदा.

"अख्खं कतार गार करून झालं, आता अस्वलाला हिमालय बांधून देणार का?" बायको म्हणाली.

"देणार," मी म्हणालो.

मालकाला विचारलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मुहंदिस, तुम करो. इन्शाल्ला अच्छा होगा." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. मला एवढा मान ऑफिसात कुणी देत नाही.

खिडकीला काळा कागद लावला, कोपऱ्यात मोठा लाकडी पेटारा ठेवला, त्यात वाळलेलं गवत भरलं आणि खोलीचं तापमान रोज थोडं थोडं उतरवत नेलं. आत गेलो की माझे दात वाजायचे. अस्वल मात्र ढिम्म. जेवायचं, फेऱ्या मारायचं, फरशी उकरायचं. मग पुन्हा नीट वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एसीवाल्याला सगळ्या दुखण्यांचं कारण तापमानातच दिसतं. अस्वल नुसत्या थंडीने झोपत नाही. डोंगरात खायला काही उरत नाही म्हणून झोपतं. इथे दोन वेळची थाळी होती आणि वर गडी मायेने खजूर चारत होता.

"भूखा रखूँ? मर गया तो?" गड्याचे डोळे भरून आले. त्याची समजूत घालता घालता नाकी नऊ आले. शेवटी थाळी हळूहळू कमी केली. पुढे एका सकाळी त्याचा फोन आला. जाऊन पाहिलं तर अस्वल पेटाऱ्यात, नाक पोटाशी खुपसून, संथ श्वास घेत पडलेलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तसे आम्ही दोघं दाराशी कुजबुजत उभे होतो. परतताना मी गाडीत एकटाच हसत होतो.

पण उन्हाळाभर दारं लावून बसलेला हा देश थंडीतच बाहेर पडतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मजऱ्यावर पाहुणे आले, तंबू लागले, शेकोट्या पेटल्या. मुलांना अस्वल बघायचं होतं. मी मालकाला परोपरीने समजावलं. त्याने याही वेळी सगळं ऐकलं आणि अगदी मायेने म्हणाला, "मुहंदिस, सोने के लिए पूरी गर्मी है ना. सर्दी में बच्चे आते हैं. खलास." दिवे लागले, थाळी भरली. अस्वल झोकांड्या खात उठलं आणि गजांपाशी आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्या वर्षी मी आधीच मालकाच्या मागे लागलो. नशिबाने बैठकीच्या खोलीचं बांधकाम निघालं होतं, पाहुणे येणारच नव्हते. तो लगेच हो म्हणाला. उकाडा ओसरल्यावर मी गवत घेऊन मजऱ्यावर पोहोचलो. अस्वल होतं तेवढंच होतं. अंगाला चरबी नाही, पेटाऱ्याकडे लक्ष नाही. गजांशी बसून ते माझ्या हातांकडे बघत होतं.

"फरशी नहीं खोदता?" मी विचारलं.

"नहीं भाई," गडी आनंदाने म्हणाला. "इस साल एक बार भी नहीं. अब एकदम ठीक हो गया है."